गुळाच्या भावाआधीची दोन मिनिटं

डोहगावच्या संगीत केंद्रावरून लावलेलं गाणं कुसवाडीला एकवीस वर्षं आणि तीन दिवसांनी ऐकू येतं. मध्ये वाकडी खिंड आहे. चढ अंगावर येणारा आहे आणि गाण्यांना तो झेपत नाही. खिंडीच्या माथ्यावर पोचायला त्यांना एकवीस वर्षं लागतात आणि माथ्यावरून वाडीत उतरायला तीन दिवस. माणसाला हेच अंतर एसटीने आणि पुढे पायी मिळून चार तास पडतं. याबद्दल केंद्राकडे एकदा लेखी विचारणा झाली होती. माणसाची आणि गाण्याची तुलना करू नये, असं केंद्राने कळवलं.

वाडीने हे कधीच अंगाला लावून घेतलं नाही. केंद्र सुरू झालं त्या पाडव्याला वाडीतल्या तीन घरांनी रेडिओ आणले आणि एकवीस वर्षं त्यांची खरखर श्रद्धेने ऐकली. एकविसाव्या पाडव्याला माथ्यावरच्या मेंढपाळाने ओरडून सांगितलं की गाणी आली, आणि त्यानंतर तीन दिवसांनी सकाळी सहाला पहिली सनई वाडीत उतरली. तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. वाडीत अजून जुनं सरकार आहे आणि वाडीचं त्याच्याशी बरं चाललंय. हवामानाचा अंदाज एकवीस वर्षांपूर्वीचा असतो आणि ताज्या अंदाजापेक्षा जास्त चुकत नाही. फर्माइशीची कार्डं मात्र आधी पाठवावी लागतात. पोरगी पाळण्यात असतानाच तिच्या हळदीचं गाणं मागवायचं आणि नवऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडायची, हे वाडीतल्या बायकांना शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र वाडी फार पाळते. डोहगावला जाऊन आधी गाणं ऐकून यायचं नाही. नैवेद्य दाखवायच्या आत कुणी वाटीत बोट घालावं, तसं ते समजतात.

सुगंधा घडशी याच वाडीची. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती, डोहगावच्या कन्याशाळेत संगीत शिकवत होती आणि गेली एकवीस वर्षं संतापलेली होती. हा संताप अधूनमधून यायचा नाही. सकाळी तिच्याबरोबर उठायचा आणि पेटीवर बसायचा. मुली म्हणायच्या, घडशीबाई सारेगमसुद्धा भांडल्यासारखं शिकवतात.

कारण असं होतं.

सुगंधाचा बाप शिदबा घडशी सनई वाजवायचा. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्याच्याशिवाय लागत नसे. आई भागू त्याच्याबरोबर चालायची. सनईच्या तोंडाशी बसवायची जास्तीची पत्ती अंबाड्यात खोवून ती नेहमी दोन पावलं पुढे असायची, कारण खिंडीचा चढ तिला जास्त चांगला यायचा. शिदबाने उभ्या जन्मात बायकोचं नाव घेतलं नाही. हाक मारायची तर "अगं ए" किंवा मग खोकायचा. म्हातारपणी त्याने तीन कडव्यांचं एक गाणं रचलं आणि लेकीला शिकवलं. पहिली दोन कडवी भागूने चुलीपाशी बसून ऐकली. तिसऱ्याला त्याने तिला बाहेर घालवलं.

"ह्ये रेडिओवर ऐक," तो म्हणाला. "तोंडावर म्हनायला मला न्हाई जमायचं."

दोन महिन्यांनी तो गेला. त्याच माघात सुगंधाला केंद्राचं बोलावणं आलं.

त्या काळी केंद्राचा दिवस ठरलेला होता. सकाळी सनई, मग भक्तिगीतं, साडेआठला नाट्यपदं, दुपारी बाराला 'नवे गळे', सव्वाबाराला बाजारभाव, साडेबाराला 'तुमची फर्माईश'. त्या वर्षी केंद्राकडे टेपा कमी पडल्या होत्या, त्यामुळे नवे गळे थेटच गायचे. टेप वाचवून कुणाची गाणी टिपली ते केंद्रालाच माहीत. नऊ फेब्रुवारीला सुगंधा पहाटे निघाली, बारा वाजता माइकपुढे बसली, एक भजन म्हणाली आणि बारा वाजून सात मिनिटांनी बापाचं गाणं सुरू केलं. एक कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्यासाठी तिने श्वास घेतला आणि समोरचा लाल दिवा विझला. काचेपलीकडच्या माणसाने स्वतःच्या माइकवर सांगितलं, "आता ऐका बाजारभाव. प्रथम गुळाचे."

स्टुडिओतल्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. तिच्या हातातल्या घड्याळात बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती.

केंद्राचं घड्याळ पहिल्या केंद्राधिकाऱ्यांनी मुद्दाम दोन मिनिटं पुढे लावलं होतं, म्हणजे माणसं वेळेवर येतील. माणसं वेळेवर आली नाहीत; ती मनातल्या मनात दोन मिनिटं वजा करायला शिकली. केंद्रात सगळेच वजा करायचे, अगदी चहावालासुद्धा. काचेपलीकडचा माणूस नवा होता आणि त्याने घड्याळावर विश्वास ठेवला. गुळाचे, हळदीचे, शेंगांचे भाव दोन मिनिटं आधी सुरू झाले, साहजिकच दोन मिनिटं आधी संपले, आणि उरलेल्या दोन मिनिटांत मोकळी जागा भरायची सतार वाजली. सुगंधा तेव्हा व्हरांड्यात उभी राहून ती सतार ऐकत होती. तिसरं कडवं बरोबर दोन मिनिटांचं होतं.

ती वाडीला गेली तेव्हा भागूने विचारलं, "झालं का समदं गानं?"

"झालं," सुगंधा म्हणाली.

"म्हनून नको दाखवू. येईल तवा ऐकीन."

आणि भागू वाट बघत बसली. तिला तेव्हा पन्नास सरून एक वर्ष झालं होतं. दर नऊ फेब्रुवारीला ती म्हणायची, आता इतकी वर्षं राहिली. सुगंधा दर नऊ फेब्रुवारीला केंद्रात जायची आणि एका ओळीची लेखी दिलगिरी मागायची. नोकरी नको, दुसरी वेळ नको, फक्त लिहून द्या की तुमचं चुकलं. केंद्राधिकारी बदलत गेले. कुणी चहा पाजला, कुणी फाइल दाखवली, एकाने तर तिला भावगीत स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. ओळ कुणी लिहून दिली नाही.

एकविसाव्या वर्षी ती महिनाभर आधी गेली.

आताचे केंद्राधिकारी कारखानीस. सभ्य माणूस, आणि सभ्य माणसाशी भांडताना जो त्रास होतो तो सगळा सुगंधाला त्यांच्याकडून झालेला होता. त्यांनी फाइल मागवली. फाइलवर 'विलंबित श्रोते : तक्रारी' असं लिहिलेलं होतं.

"सुगंधाताई, नऊ तारखेला तुमचं गाणं माथ्यावर पोचेल आणि बारा तारखेला वाडीत," ते म्हणाले. "अभिनंदन."

"अर्धं गाणं पोचेल, साहेब."

"जेवढं पाठवलं तेवढं पोचेल. त्याची हमी केंद्र देतं."

"मला उरलेलं पाठवायचंय. आज इथून पाठवलं तर पोचायला आणखी एकवीस वर्षं लागणार. आई एकाहत्तरला... नाही, आता बाहत्तरीत आहे." सुगंधाने टेबलावर दोन्ही हात टेकले. "मला माथ्यावर गाऊ द्या. गाणं तिथून जाईल तेव्हा मी शेजारी उभी राहून दोन मिनिटं गाते. तिथं जे पडतं ते गाण्यात मिसळतं. तुमच्याच बातम्यांत शेळी नाही का मिसळली?"

शेळीचं खरं होतं. पूर्वी एकदा अर्थसंकल्पाच्या बातम्या खिंड ओलांडत असताना एक शेळी ओरडली होती आणि तीन दिवसांनी वाडीने अर्थमंत्र्यांना ओरडताना ऐकलं. वाडीला ते खटकलं नव्हतं. पण केंद्राने त्यानंतर माथ्यावर एक नोंदणी चौकी बांधली.

"शेळी हा अपघात होता," कारखानीस म्हणाले. "तुम्ही म्हणताय तो मूळ प्रसारणातला फेरफार झाला. त्याला त्या दिवशीच्या केंद्राधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते."

"ते वारले."

"ते मला माहीत आहे. हार मीच घातला होता." कारखानिसांनी फाइल मिटली. "शिवाय तुम्ही ज्या दोन मिनिटांत गाणार, त्यात गुळाचे भाव आहेत. वाडीला गुळाचे भाव ऐकायचा हक्क आहे."

"एकवीस वर्षांपूर्वीचे?"

"हक्काला तारीख नसते, ताई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या गाण्याला बरी तारीख होती, वेळ होती, आणि तीसुद्धा तुमच्या लबाड घड्याळातली, असं ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, दोन खोल्यांपलीकडे टंकलेखन थांबलं. कारखानिसांच्या डोक्यावरच्या भिंतीवर तेच घड्याळ होतं. तिने आपल्या मनगटाकडे बघितलं. अजून दोन मिनिटं पुढे.

"हे तरी नीट करा," ती म्हणाली.

"ते नीट केलं तर सगळे दोन मिनिटं उशिरा येतील," कारखानीस म्हणाले. "वजा करायची सवय लागली आहे लोकांना."

नऊ फेब्रुवारीला तिने शाळेत रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने निघाली. फाट्यावर उतरून खिंड चढायला लागली. उन्हं चढली होती आणि तिला धाप लागत होती. परवानगी तिच्याकडे नव्हती. चौकीवाल्याने अडवलं तर काय करायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. त्याच्या टाळक्यात छत्री घालायची इतपतच विचार झालेला होता.

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. आत टेबल, टेबलावर रेडिओ, रेडिओपुढे नोंदवही. दाराशी पाटी होती: 'खिंडीत मोठ्याने बोलू नये. गाणी दमलेली असतात.' आत साठी उलटलेला, हातरुमाल नीट घडी करून खांद्यावर टाकलेला एक माणूस बसला होता. निवृत्त झाल्यावर केंद्राने त्याला इथे ठेवून घेतलं होतं. सकाळपासून माथ्यावरून जाणारं एकेक गाणं तो वहीत नोंदवत होता.

"या बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "पाटी वाचली ना? हळू बोलायचं."

सुगंधा दारातच थांबली. हा आवाज तिने आयुष्यात एकदाच ऐकला होता. पण एकवीस वर्षं रोज उगाळला होता. तो आता घोगरा झाला होता, तरी 'प्रथम गुळाचे' म्हणणारा गळा तोच होता.

"तुम्ही होता काचेपलीकडं," ती म्हणाली.

"हळू, बाई. मी पिसाळ. आपण कोण?"

"सुगंधा घडशी. तुम्ही माझं गाणं कापलंत."

रेडिओवर तिचंच भजन चाललं होतं, सत्तावीस वर्षांच्या सुगंधाचं. ते माथ्यावरून जात होतं, आणि त्याला धक्का लागला असता तर वाडीत आईला तो ऐकू गेला असता. त्यामुळे सुगंधाला एकवीस वर्षांचं भांडण कुजबुजत भांडावं लागलं. याइतका अन्याय दुसरा नाही. ओरडायला मिळालं असतं तर निम्मा राग तिथेच मोकळा झाला असता.

"कापलं असेल," पिसाळ कुजबुजले. "अठरा वर्षं नोकरी केली. वेळ झाली की कापायचं. त्यात माणूस बघत नाहीत."

"वेळ झाली नव्हती."

"घड्याळ बघितल्याशिवाय मी आवाज कधी उतरवला नाही, बाई."

"कुठलं घड्याळ?"

पिसाळांनी टाक खाली ठेवला. मग त्यांनी नोंदवहीतली तारीख बघितली. वर्ष बघितलं. खांद्यावरचा हातरुमाल काढून त्यांनी मानेवरून फिरवला.

"मला रुजू होऊन आठ दिवस झाले होते," ते म्हणाले. "वजा करायचं असतं हे मला कुणी बोललंच नाही. नवव्या दिवशी चहावाल्यानं सांगितलं."

"म्हणजे नवव्या दिवशी तुम्हाला कळलं."

"कळलं."

"मग मला का नाही कळवलंत? एक पोस्टकार्ड टाकायचं होतंत. पंधरा पैशांचं. मी एकवीस वर्षं त्या केंद्राच्या पायऱ्या झिजवल्या, पिसाळ. प्रत्येक साहेब म्हणाला, चूक झाल्याची नोंदच नाही. तुम्ही तिथंच होतात. शेजारच्या खोलीत बसून चहा पीत होतात."

"कळवायचा तसा छापील नमुना नव्हता," पिसाळ म्हणाले. आणि हे आपण बोललो याची लाज वाटून त्यांनी लगेच खाली बघितलं.

"माझ्या आईचं नाव होतं त्या कडव्यात," सुगंधा म्हणाली. "बापानं जन्मात एकदा घेतलेलं. ती एकवीस वर्षं बसलीय रेडिओपाशी, आणि तुम्ही तिला गुळाचा भाव ऐकवणार."

भजन संपलं. बारा वाजून सात मिनिटं झाली होती. पिसाळांनी सवयीने बोट वर केलं आणि दोघंही रेडिओकडे वळली.

गाणं सुरू झालं. सुगंधाने स्वतःचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. टेप नव्हतीच. काय कोवळा गळा होता! सूर लागला नाही तरी चालेल असा बेफिकीर, कारण पुढे पुष्कळ गाणी म्हणायची आहेत याची त्या मुलीला खात्री होती. सुगंधाला तिची दया आली आणि मग रागच आला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. पिसाळ उठून उभे राहिले. माथ्यावर कुणी आवाज करत असेल तर त्याला हाताला धरून बाहेर काढायचं, हा चौकीचा पहिला नियम होता आणि तो त्यांच्या डोक्यामागे चौकटीत लावलेला होता.

रेडिओतल्या मुलीने श्वास घेतला. तिथेच गाणं तुटलं.

"आता ऐका बाजारभाव," रेडिओतला तेव्हाचा पिसाळ म्हणाला. अगदी खुशीत म्हणाला. नवी नोकरी होती. "प्रथम गुळाचे."

सुगंधाने तो श्वास तिथूनच उचलला आणि खिंड दणाणून सोडली.

"अंबाड्यात तुझ्या सनईची पत्ती,
खिंड चढलीस तू माझ्याआधी;
लोक घेतात गं नाव माझंच,
भागू, तुझं मी घेऊ कधी?"

ती प्रत्येक ओळ दोनदा म्हणाली, बापाने शिकवली तशी. चांगली गायली असं म्हणता येणार नाही. गळ्यात धाप होती, संताप होता, वरच्या षड्जाला आवाज फाटला. रेडिओतला माणूस तिच्या आवाजाखाली गुळाचे भाव सांगत राहिला आणि त्यातलं एक अक्षर वर आलं नाही. पत्र्याची खोली थरथरत होती. पिसाळ उभे होते ते खाली बसले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं आणि दोन मिनिटं त्याच्यावरून नजर हलवली नाही. शेवटच्या ओळीला त्यांनी हात वर केला. सुगंधा धृपदावर आली. पिसाळांनी बोटांची मूठ मिटली. बारा वाजून पंधरा मिनिटं झाली.

"हळद," रेडिओ म्हणाला, "राजापुरी, मध्यम."

सुगंधाने दाराला पाठ टेकली. शेंगांचे भाव गेले. भाव संपले आणि सतार सुरू झाली, मोकळी जागा भरायची. पिसाळांनी ती सतार शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकली. मग वही पुढे ओढली. रकाने होते: वेळ, कार्यक्रम, शेरा. त्यांनी वेळ लिहिली, बारा तेरा ते बारा पंधरा. कार्यक्रम : बाजारभाव. शेऱ्याच्या रकान्यावर टाक थोडा थांबला.

"मनुष्यानं व्यत्यय आणला असं लिहिलं तर चौकशी लागते," ते म्हणाले. "तीन प्रतींत. आणि केंद्र ते गाणं परत मागवून घेऊ शकतं. उतारावर असेपर्यंत अधिकार आहे त्यांना."

त्यांनी शेरा लिहिला. सुगंधाने वाकून वाचला.

'शेळी.'

"मी शेळी?" ती म्हणाली. आता कुजबुजायचं कारण नव्हतं, तिचा आवाज पाटीच्याही पलीकडे गेला. "एकवीस वर्षं! आणि वहीत काय, तर शेळी?"

"आधीचा दाखला शेळीचाच आहे, बाई. दुसरा शेरा चालत नाही." पिसाळांनी शाई टिपून घेतली. "शेळीला परवानगी लागत नाही."

तिने त्यांच्याकडे बघितलं. माफ केलं असं कुणी समजू नये. तिने छत्री उचलली, टाळक्यात घातली नाही, आणि उतार उतरायला लागली. गाणं तिच्या मागून येत होतं. ते तीन दिवसांनी पोचणार होतं, ती तासाभरात पोचली.

बारा तारखेला भागूच्या अंगणात वाडी जमली. भागूने नवं लुगडं नेसलं होतं आणि रेडिओखाली धुतलेला पंचा घातला होता. सुगंधा उंबऱ्यावर बसली होती.

भजन झालं. गाणं लागलं. भागू डोळे मिटून ऐकत होती. दुसरं कडवं संपलं, मुलीने श्वास घेतला, आणि त्या श्वासातून दुसरी कुणीतरी बाई गायला लागली, जाड गळ्याची, धापा टाकणारी, भांडायला उठलेली.

भागूने डोळे उघडले. आपलं नाव आलं तेव्हा तिचा हात अंबाड्याकडे गेला. एकदा म्हटलं आणि परत म्हटलं. तिथे आता पत्ती नव्हती, शिदबा गेला तेव्हा त्याच्याबरोबर ती तिने दिली होती. हात तिथेच राहिला. गाणं संपलं आणि रेडिओ हळदीवर आला. वाडीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. भागूने लावला नाही.

"तिसऱ्या कडव्याला आवाज बदलला गं तुजा," ती म्हणाली.

"हो."

"एवढी कुनावर चिडली हुतीस?"

"होते एका माणसावर."

"बरं केलंस." भागूने पंचा सारखा केला. "ते शांतपनी म्हनायचं न्हवतंच. तुज्या बानं पन मला इतकी वर्सं थांबवलं, ती काय कमी हायती?" आणि थोड्या वेळाने तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पर सुगंधे, मेल्यांनी गुळाचा भाव न्हाई सांगितला. एकदम हळदच काढली."

"आये, आज तो भाव घेऊन काय करायचाय तुला?"

"मला न्हाई काय करायचं. पर सांगायचा तर हुता न्हवं? ती काय त्यांची मर्जी? कार्ड लिही. माज्या नावानं लिही."

सुगंधाने कार्ड लिहिलं. दिनांक बारा रोजी कुसवाडी येथे दुपारच्या बाजारभावात गूळ ऐकू आला नाही. खाली भागूने अंगठा दिला.

आठव्या दिवशी उत्तर आलं. एकवीस वर्षं सुगंधाने ज्याच्यासाठी खेटे घातले, तो कागद पोस्टमनने आईच्या हातात सहज ठेवला. छापील नमुना होता, आता होता. सुगंधाने तो अंगणात उभं राहून वाचून दाखवला:

'आपले कार्ड पोचले. दिनांक नऊ रोजी वाकड्या खिंडीत शेळी ओरडल्याने बारा वाजून पंधरा ते सतरा मिनिटे या वेळेतील प्रसारणात व्यत्यय आला. केंद्र याबद्दल मनापासून दिलगीर आहे.'

खाली कारखानिसांची सही होती. वेळसुद्धा त्यांच्या घड्याळातली होती, दोन मिनिटं पुढची. सुगंधाने पिशवीतून पेन काढलं, आणखी एक कार्ड काढलं आणि 'महोदय' लिहून खाली जोरात रेघ मारली.

"ऱ्हाऊ दे की आता," भागू म्हणाली. "दिलगीर म्हंजी?"

"माफी मागितलीय."

"कुनाची?"

"तुझी. पाकिटावर तुझं नाव आहे."

भागूने पाकीट हातात घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं, आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"वाच," ती म्हणाली.

"काय वाचू? पत्र झालं वाचून."

"पत्र नगं. नाव वाच."

सुगंधाने पेन खाली ठेवलं आणि वाचलं. "श्रीमती भागू शिदबा घडशी."

"आजून एकदा," भागू म्हणाली. "जरा मोठ्यानं. त्या दिवशी म्हनलीस तसं."